टेबलाच्या खणात राहिलेला अर्ज

आज ६ जानेवारी, पत्रकार दिन. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, म्हणून आपण हा दिवस पाळतो. सकाळपासून फोन वाजतोय. अंबरनाथला एक सत्कार, बदलापूरला दोन. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल आणि नवीन वर्षाची डायरी. डायरीच्या पहिल्या पानावर ती देणाऱ्याचा हात जोडलेला फोटो आणि खाली 'भावी नगरसेवक'. आमच्याकडे सध्या सगळेच भावी आहेत, त्याबद्दल पुढे बोलूच.

यंदाच्या निमंत्रणात माझ्या नावापुढे 'ब्युरो चीफ' असं छापलंय. मागच्या वर्षी नुसतं 'पत्रकार' होतं. या दोन शब्दांबद्दलच आज लिहायचंय. पोस्ट लांब होईल, सांभाळून घ्या.

गेल्या जूनमधली गोष्ट. लोकसभेचा निकाल लागून आठवडाही झाला नव्हता. मुंबई ऑफिसमधून फोन आला, "उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आता तुम्ही बघा." मी लगेच हो म्हटलं. का नाही म्हणणार? डिप्लोमा करून या धंद्यात आले त्याला वीस वर्षं झाली. त्यातली निम्मी वर्षं हळदीकुंकू, पाककृती स्पर्धा आणि शाळांची गॅदरिंगं कव्हर करण्यात गेली. गुन्हे आणि राजकारण हे 'पुरुषांचे बीट' होते. आता तिन्ही गावांची पानं माझ्या सहीने सुटणार होती. घरी सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

बाहेरच्यांसाठी सांगते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही रेल्वेची ओळीने तीन स्टेशनं, पण गावं तीन तऱ्हेची. उल्हासनगर फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभं राहिलं. आजही तिथे पत्ता सांगताना कॅम्प एक ते पाच असंच सांगतात. जीन्स, फर्निचर, दुकानदारी. अंबरनाथला इ.स. १०६० चं शिवमंदिर आणि त्याच गावात एमआयडीसी, ऑर्डनन्स फॅक्टरी. बदलापूर म्हणजे पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारी आणि रात्री झोपायला परत येणारी माणसं. तिन्ही मिळून लाखो लोक आणि त्यांच्यावर आमची दीड पानं.

टीम म्हणजे मी धरून पाच जण. उल्हासनगर बघणारे एक सीनियर दादा, वय पंचावन्नच्या पुढे. सिंधी माणूस, पण मराठी बातमी माझ्याही आधीपासून लिहितायत. अंबरनाथला तिशीची एक मुलगी. बदलापूरला चोवीस वर्षांचा मुलगा. आणि एक फोटोग्राफर, जो उरलेल्या वेळात लग्नाच्या ऑर्डर करतो, किंवा खरं सांगायचं तर लग्नांतून उरलेल्या वेळात आमचं काम करतो.

पगार मला आणि दादांना. बाकी तिघांना मानधन आणि जाहिरातीवर कमिशन. नियुक्तीपत्र कुणालाच नाही. पत्रकारांसाठीचा मजिठिया वेतन आयोग २०११ मध्ये अधिसूचित झाला, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो उचलून धरला, हे आम्ही सगळे भाषणात सांगतो. पण आयोग लागू व्हायला आधी तुम्ही कागदावर कर्मचारी असावे लागता. लहान गावातला बातमीदार तिथेच अडकतो.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट घडली. गेली अनेक वर्षं मला 'ताई' म्हणणारे दादा ऑफिसात शिरले आणि म्हणाले, "मॅडम, आज काय लाइन आहे?" मला वाटलं चेष्टा करतायत. दुसऱ्या दिवशीही मॅडम, तिसऱ्या दिवशीही मॅडम. मला ते टोचलं. बाईच्या हाताखाली काम करायची वेळ आली म्हणून टोमणा मारतायत, असा अर्थ मी लावला आणि त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायला लागले.

मग मी नवीन साहेब लोक जे करतात तेच केलं. सगळ्यांच्या कॉप्या परत लिहायला घेतल्या. इंट्रो माझा, हेडिंग माझं, शेवटचा परिच्छेदही माझाच. रात्री अकरापर्यंत बसायचे. मनात अभिमान असायचा, की बघा, पान कसं सुधारलंय. अंबरनाथची मुलगी तर पंधरा दिवसांत नुसते मुद्दे पाठवायला लागली. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, तुम्ही लिहिताच ना सगळं." मला ते आळसाचं लक्षण वाटलं. तिने माझं वागणंच मला वाचून दाखवलं होतं, हे तेव्हा कळलं नाही.

आता खणाबद्दल. माझ्या टेबलाला उजवीकडे एक खण आहे. येणारा प्रत्येक कागद त्यात जायचा. पेट्रोलची बिलं, रजेचे अर्ज, फोटोग्राफरचं थकलेलं मानधन. जुलैच्या पहिल्या आठवड्यात बदलापूरच्या मुलाने ओळखपत्रासाठी अर्ज दिला. ए-फोर कागद, दोन फोटो स्टेपल केलेले, खाली 'आपला विश्वासू'. मला फक्त सही करून मुंबईला पाठवायचा होता. दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, "ठेव, बघते." त्याने नंतर दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा मी कुणाची तरी कॉपी परत लिहीत होते.

आणि मग ऑगस्ट आला.

बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण सगळ्या देशाला माहीत आहे. दोन चिमुरड्या मुली. तक्रार नोंदवून घ्यायला पालकांना तासन् तास ताटकळावं लागलं, आणि त्यावर पुढे हायकोर्टानेही बोट ठेवलं. २० ऑगस्टला सकाळी लोक आधी शाळेपाशी जमले आणि मग बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले. संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. अंबरनाथ ते कर्जत लोकल बंद, लांबच्या गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवलेल्या. मी सकाळी लवकरच्या गाडीने ऑफिसला आले होते, ती अंबरनाथलाच अडकले. मुलगा स्टेशनात होता. दर अर्ध्या तासाने फोटो आणि चार ओळी पाठवत होता. पहिल्यांदाच मी त्याची कॉपी बदलत नव्हते, कारण वेळच नव्हता. चांगली लिहिली होती त्याने.

दुपारी त्याचा फोन आला. आवाज चढलेला. "मॅडम, एका कुटुंबाची बिल्डिंग मिळाली. शेजारी बोलायला तयार आहेत. कुणाकडेच नाही हे."

मी डिप्लोमाला असताना मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा पॉक्सो कायदा नव्हता, तो २०१२ चा. पण त्याचं कलम २३ मी गेल्या काही वर्षांत पाठ केलंय. बातमीत मुलाचं नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजार, किंवा ज्यावरून ओळख पटेल असं काहीही देता येत नाही. मुलाच्या हिताचं आहे असं वाटलं तर विशेष न्यायालय परवानगी देऊ शकतं, एरवी नाही. मोडलं तर सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि याच कलमात पुढे म्हटलंय, की बातमीदाराने जे केलं त्याला प्रकाशक आणि मालकही जबाबदार.

'शाळा' आणि 'शेजार' हे शब्द कायद्यात चक्क लिहिलेले आहेत. तरी त्या दिवशी टीव्ही लावला की शाळेचं नाव, मोबाइल उघडला की शाळेचं नाव. आणि आमचा पोरगा मला शेजारी देत होता.

मी म्हटलं, "नको. तिथून निघ. बाइटही घेऊ नकोस."

तो गप्प. मग म्हणाला, "मॅडम, मला एक्सक्लुझिव्ह कधी मिळणार?"

अर्ध्या तासाने मुंबईचा फोन. सगळीकडे शाळेचं नाव आहे, आपल्याच कॉपीत का नाही? मी कलम वाचून दाखवलं. पलीकडून उत्तर, "सगळ्यांवर थोडीच केस होते." खरं सांगते, पाय लटपटत होते. दोन महिन्यांची ब्युरो चीफ. पण बदलापूर माझं गाव आहे. त्या मुली मोठ्या होणार, याच स्टेशनातून कॉलेजला जाणार. मी म्हटलं, "बाकीच्या पानांचं तुम्ही बघा, माझ्या पानावर नाव जाणार नाही." गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मला कुणी काही बोललं नाही, शाबासकीही दिली नाही.

हे सांगून मी स्वतःची आरती ओवाळत नाहीये. कारण त्याच दिवशी संध्याकाळी काय झालं ते ऐका.

संध्याकाळी पोलिसांनी रूळ मोकळे केले. लाठीमार झाला, दगड आले, पळापळ झाली. पोराचा फोन बंद. सात वाजले, साडेसात वाजले. दादा उल्हासनगरहून दर दहा मिनिटांनी फोन करून विचारत होते, "आला का त्याचा?" मग एका अनोळखी नंबरवरून कॉल आला. "मॅडम, मी बोलतोय. मोबाइल पडला. गर्दीत मलाही धरून बसवलंय. प्रेस म्हटलं तर कार्ड मागतायत."

माझा हात आपोआप खणाकडे गेला. कागद तिथेच होता. पेट्रोलच्या बिलांखाली. दोन फोटो, एक स्टेपल, 'आपला विश्वासू'. तारीख जुलैची.

पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरोधात महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा ५० हजारांपर्यंत दंड, तपास उपअधीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. या कायद्यासाठी आमच्या संघटनांनी अनेक वर्षं मोर्चे काढले, मीही गेले होते. पण त्यातही पत्रकार म्हणजे कोण, तर जो माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी नोकरीवर आहे तो. माझा मुलगा कोण होता? त्याच्याकडे नियुक्तीपत्र नाही, कार्ड नाही, पगाराची स्लिप नाही. कागदावर तो गर्दीतला एक तरुण होता. आणि त्याला तिथे मी पाठवलं होतं.

रिक्षा केली. अंबरनाथहून बदलापूर एरवी पाऊण तासाच्या आत होतं, त्या दिवशी जीव जाईपर्यंत लागलं. बरोबर माझं कार्ड आणि त्याचा तो अर्ज घेतला. अर्ज का घेतला माहीत नाही. पोचल्यावर साहेबांपुढे माझं कार्ड ठेवलं. म्हटलं, "हा आमचा मुलगा आहे." त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, तुमचा आहे तर मग याला कार्ड का दिलं नाही तुम्ही?"

त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं. सबंध दिवस उन्हात उभा होता तो. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी नाव-पत्ता लिहून घेतला आणि सोडलं.

बाहेर आल्यावर पाहिलं, ढोपर फुटलं होतं. दगड लागला की पडला, त्यालाही सांगता येत नव्हतं. मेडिकलमधून पट्टी घेतली. मला वाटलं आता हा मला चार शब्द सुनावणार. तो एवढंच म्हणाला, "आईला काही सांगू नका. ती परत पाठवणार नाही." मी तो अर्ज पर्समध्ये आणखी आत सारला.

त्याच दिवसांत बदलापूरमध्ये या प्रकरणाच्या बातम्या देणाऱ्या एका महिला पत्रकाराला एका माजी पदाधिकाऱ्याने घाणेरडं बोलल्याची तक्रार झाली, गुन्हाही नोंदवला गेला. तेव्हा आम्ही सगळ्यांनी निषेध केला. निषेधाच्या पत्रकावर माझीही सही आहे. सही करताना सारखं मनात येत होतं, की पत्रकावर सही करायला मला एक मिनिट लागलं, आणि त्या अर्जावर पन्नास दिवस नाही.

दुसऱ्या सकाळी मी खण टेबलावर उपडा केला. सगळे कागद दिवसभर बसून निकालात काढले. त्या दिवशी एकही कॉपी परत लिहिली नाही. पान सुटलं, आभाळ कोसळलं नाही.

मग दादांशी बोलायला गेले. म्हटलं, "मी चुकत असेन तर सांगा, पण मॅडम नका म्हणू, टोचतं." ते हसले. म्हणाले, "टोमणा नाही तो. ताईला माणूस आपलं दुःख सांगतो. मॅडमकडे सही मागतो. पोरांना कळायला पाहिजे सही कुणाकडे मागायची, आणि तुम्हालाही कळायला पाहिजे." दोन महिने मी ज्याला अपमान समजत होते, ती खरं तर मला दिलेली कामाची यादी होती.

त्यानंतर काय बदललं? फार मोठं काही नाही. रोज सकाळी दहा मिनिटांचा फोन, कोण कुठे जातंय आणि परत कधी येणार. कॉपीत चूक असेल तर ज्याची त्याला परत, मी नाही लिहीत. पहिला महिना पान वाईट गेलं, मुंबईने ऐकवलं. दुसऱ्या महिन्यात अंबरनाथची मुलगी पुन्हा पूर्ण बातम्या लिहायला लागली. ओळखपत्रं ऑक्टोबरमध्ये आली. चारांपैकी तीन. फोटोग्राफर 'फ्रीलान्स' आहे म्हणून त्याचं अजून आलेलं नाही. दर सोमवारी मेल टाकते.

आता 'भावी' लोकांबद्दल. अंबरनाथ आणि बदलापूर नगरपालिकांची निवडणूक २०१५ ला झाली होती. २०२० पासून तिथे प्रशासक होते. उल्हासनगर महापालिकेची मुदत २०२२ मध्ये संपली, मग तिथेही प्रशासक आले. म्हणजे त्या काळात सभा नव्हती, विरोधी पक्ष नव्हता, पाण्यावरून टेबल बडवणारा नगरसेवक नव्हता. ठराव एकाच माणसाच्या सहीने होत होते. माझ्या बदलापूरच्या मुलाने पत्रकार म्हणून आजवर एकही सर्वसाधारण सभा पाहिलेली नाही. त्याला माहीतच नाही की पत्रकार कक्षात बसून विषयपत्रिका हातात धरून बातमी कशी पकडतात. सप्टेंबरात दादांनी तिघांना बसवून जुन्या सभांचं इतिवृत्त वाचायला शिकवलं, अर्थसंकल्पात गटाराचा खर्च कुठे लपतो ते दाखवलं. एवढी वर्षं त्यांना कुणी शिकवायला सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

आणि अशा गावात, जिथे विचारणारं कुणी उरलं नव्हतं, तिथे विचारायचं काम ज्याच्यावर आलं त्या पोराला आम्ही सांगतो, की त्याच माजी आणि भावी नगरसेवकांकडून वाढदिवसाची जाहिरात आण, तुझं कमिशन त्यातून सुटेल. सकाळी त्याच्या वॉर्डातल्या कचऱ्याचा फोटो काढायचा आणि दुपारी त्याच्याच ऑफिसात चहा पीत पान विकायचं. हे कसं जमणार? जमत नाही. मग कचऱ्याचा फोटो काढायचा राहून जातो.

दिवाळीच्या आणि विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर मी एकच नियम केला. ज्याच्या बीटमधला नेता, त्याने त्याच्याकडे जाहिरात मागायची नाही. ती मी मागेन किंवा मागणार नाही. पोरांचं कमिशन बुडू नये म्हणून तिन्ही गावांचं कमिशन एकत्र करून सारखं वाटायचं. दादांनी आपला वाटा कमी घेतला, मी घेतलाच नाही. तरीही टार्गेट पूर्ण झालं नाही. मार्चपर्यंत भरून काढा नाहीतर 'फेरविचार' करू, असा निरोप आहे. फेरविचार कशाचा, ते मला कळलंय. ही व्यवस्था टिकेल असं मी म्हणत नाही. आत्तापर्यंत टिकली आहे, एवढंच.

बदलापूरचा मुलगा डिसेंबरात गेला. मुंबईतल्या एका पोर्टलवर नोकरी मिळाली, पगार आणि नियुक्तीपत्रासकट. राजीनामा द्यायला आला तेव्हा अवघडला होता. मी म्हटलं, "अरे, बरंच केलंस." मनातून वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. जाताना त्याने आमचं ओळखपत्र परत केलं. दोन महिनेच वापरलं त्याने ते.

त्याच्या जागी बावीस वर्षांचा नवीन मुलगा आलाय. पहिल्या दिवशी मी त्याला बातमी कशी लिहायची ते सांगितलं नाही. ओळखपत्राचा फॉर्म पुढे ठेवला, फोटो मागितले, त्याच्यासमोर सही केली आणि मुंबईला पाठवला. आजही सत्काराला जाण्याआधी फोन करून विचारलं, आलं का कार्ड? अजून नाही आलं. म्हणून सध्या त्याला मोर्चाला एकट्याला पाठवत नाही, मी किंवा दादा बरोबर जातो.

तुमच्या गावात आज कुठेतरी पत्रकारांचा सत्कार असेलच. जरूर जा. शाल द्या, फूल द्या. फक्त समोरच्या बावीस-चोवीस वर्षांच्या पोराला बाजूला घेऊन हळूच विचारा, "बाळा, तुझ्या ऑफिसने तुला कार्ड दिलंय का? महिन्याला किती हातात येतात?" आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या आमच्यासारख्या चीफ लोकांना विचारा, खणात काय काय पडलंय.

निघते. बदलापूरचा सत्कार पाच वाजता आहे, आणि पाच वाजताच पान सुटायचंय.